नाव, पलटण आणि तिथी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहासावर लिहावयाचे म्हणजे १७६१वरच लिहावयाचे, असे कोणासही वाटेल. आपल्या मंडळाची कितीतरी कुटुंबे दरवर्षी १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी जमतात. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना प्रथम तेथेच नेतात. परंतु त्या रणसंग्रामाविषयी थोर इतिहासकारांनी इतके लिहिले आहे की त्यात आमच्यासारख्या बी. ए.पर्यंत इतिहास शिकलेल्या सरकारी नोकराने भर ती काय घालावी? म्हणून त्याहून अलीकडचा आणि अधिक घरगुती असा विषय आम्ही निवडला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, आजोबांची किंवा पणजोबांची लष्करी पोशाखातील पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. त्या छायाचित्रांतील पलटण कोणती, ती कोठे लढली, हे कसे ओळखावे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय वरवर किरकोळ वाटेल. तो तसा का नाही, हे सांगण्यासाठी मात्र पानिपतचाच दाखला घ्यावा लागतो.

१७६१च्या त्या दिवसाची तिथी आपल्याला पक्की ठाऊक आहे : पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहीमखान गारदी ही सरदारांची नावेही आपण जाणतो. परंतु त्यांच्यामागे उभे असलेले शिलेदार, बारगीर, गारद्यांचे शिपाई, तोफखान्याचे बेलदार, बैलांमागून चालणारे बाजारबुणगे यांचे काय? त्यांचा उल्लेख हजारांच्या आकड्यांत होतो, आणि तो आकडाही प्रत्येक बखरीगणिक बदलतो. आजूबाजूच्या करनाल-पानिपत भागातील रोड समाजाचे अनेक लोक आपले मूळ त्या रणांगणातून वाचलेल्या मराठ्यांत असल्याचे सांगतात. पण अमक्याचा पूर्वज तमक्या पथकातला, असे दाखविणारा कागद मिळणे दुर्घट. तिथी आहे आणि नावे नाहीत, अशी ही स्थिती.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. परंतु दीडशे वर्षांनंतर, छापखाना, तार आणि कॅमेरा आल्यानंतरही फारसे निराळे घडले नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे सैनिक कामी आले आणि ज्यांच्या समाधीचा ठाव लागला नाही, त्यांच्यासाठी बसरा येथे १९२९ साली एक भव्य स्मारक उघडण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. परंतु भारतीय हवालदार, नाईक आणि शिपाई यांची त्या शिळांवर केवळ पलटणवार संख्या नोंदविली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ साली जो अहवाल दिला, त्यात अशा असमान वागणुकीची कबुली स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आल्याचे सांगतात. कोकणात आणि देशावर कितीतरी गावांत ‘या गावातून इतके गेले, त्यांतून इतके परतले नाहीत’ अशा आशयाचे संगमरवरी फलक चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेले आढळतात. येथेही आकडा आहे, नाव नाही.

मग नाव सापडावयाचे कसे? लष्कराचे सारे दप्तर पलटणीप्रमाणे लावलेले असते. पेन्शन, पदक, मृत्यूची नोंद, रोजनिशी यांपैकी काहीही शोधावयाचे झाले तर पहिला प्रश्न विचारला जातो तो पलटणीचा. ‘आमचे आजोबा लढाईवर गेले होते’ एवढ्या भांडवलावर कोणतेही दप्तर उघडत नाही. आणि पलटणीचे नाव ज्या घरी कोणाच्या लक्षात राहिलेले नाही, त्या घरी ते पुष्कळदा एकाच ठिकाणी शिल्लक असते : छायाचित्रातील आजोबांच्या खांद्यावर.

खांद्यावरचा आकडा

छायाचित्र हाती आले की प्रथम भिंगातून खांद्याची पट्टी पाहावी. तेथे पितळी अक्षरे आणि आकडा असतो. आकडा तीन अंकी असेल तर तो बहुधा १९०३ ते १९२२ या काळातला समजावा. लॉर्ड किचनेर यांनी १९०३ साली हिंदुस्थानातील सर्व पलटणींना एकाच मालिकेत नवे क्रमांक दिले. त्यात जुन्या मुंबई सैन्याच्या वाट्याला १०१पासून १३०पर्यंतचे आकडे आले. त्यांपैकी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा पलटणी ‘महरट्टा’ म्हणून ओळखल्या जात. हे स्पेलिंगही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यात ‘एच’ आणि दोन ‘टी’ असत. आजचे ‘मराठा’ हे रूप स्वातंत्र्यानंतरचे.

१९२२ साली या पलटणी एकत्र करून बेळगावच्या केंद्राखाली ‘५वी महरट्टा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट उभी राहिली. १०३वी तिची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी आणि ११७वी पाचवी. ११४वी प्रशिक्षणाचे काम पाहू लागली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील कागदांवर ‘३/५’ असे दिसले तर तो अपूर्णांक समजू नये. तो ५व्या महरट्टा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचा उल्लेख आहे. टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल दिसला तर ती लाइट इन्फंट्रीची सर्वसाधारण खूण. एवढ्यावरून पलटण ठरत नाही, परंतु शोधाचे क्षेत्र पुष्कळ आखडते.

घरातील जुन्या बोलण्याचाही येथे उपयोग होतो. पहिल्या बटालियनला ‘जंगी पलटण’ आणि दुसरीला ‘काळी पाचवी’ म्हणत. यांची मुळे अनुक्रमे १७६८ आणि १७६९पर्यंत जातात. म्हणजे पानिपतानंतर आठ वर्षांच्या आतच मराठी मुलूखातील तरुण कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होऊ लागले होते. आजी बोलताबोलता ‘काळी पाचवी’ म्हणून गेली असेल, तर तिने नकळत फार मोलाचा पुरावा दिला आहे. ही दुसरी बटालियन १९४२च्या जूनमध्ये आफ्रिकेतील तोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती लागली. तेव्हा अशा घरच्या पेटीत कैद्यांच्या छावणीतील छायाचित्र निघाले तर नवल वाटू नये.

मराठी मनुष्य म्हणजे महरट्टा पलटण, असे समीकरण मात्र मांडू नये. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये हजारो मराठी जवान होते. महार समाजातील जवानांची १११वी पलटण १९१७ साली उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१मध्ये मोडली गेली. पुढे १९४१च्या ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, आणि १९४६मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर बिल्ल्यात दोन मशीनगन तिरप्या एकमेकींवर आल्या. म्हणजे नुसता स्तंभ दिसला तर छायाचित्र १९४१ ते १९४६ या पाच वर्षांतले, असा निष्कर्ष काढता येतो. उलटपक्षी महरट्टा पलटणींतही दख्खनी आणि कोकणी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमान जवान असत. आजोबांच्या शेजारी बसलेला मित्र कोणत्या समाजाचा, हे मनाशी आधीच ठरवून टाकणे बरे नव्हे.

पोशाख, पदक आणि पाठ

आकडा पुसट असेल तर पोशाखाकडे वळावे. गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या, अंगात लांब खाकी कुर्ता आणि डोक्यास फेटा असा वेष बहुधा पहिल्या महायुद्धातला. अर्धी विजार, वर दुमडलेले लोकरी मोजे आणि घोट्यापुरत्या आखूड पट्ट्या हा दुसऱ्या महायुद्धाचा, विशेषतः आफ्रिकेच्या वाळवंटातला वेष. गडद हिरवा पोशाख ब्रह्मदेशच्या जंगलातील शेवटच्या वर्षांचा. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात तो खाकीहून स्पष्टपणे गडद दिसतो.

रंगांविषयी येथे सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि नंतरही बरीच वर्षे, वापरात असलेल्या अनेक फिल्मांवर लाल रंगाचा परिणाम होत नसे; लाल वस्तू काळी उमटे. म्हणून छायाचित्रात ‘काळी’ दिसणारी पट्टी लालही असू शकते. रंगावर न विसंबता आकारावर विसंबावे. तसेच काच किंवा फिल्म उलटी ठेवून छापलेली प्रतही पुष्कळदा आढळते. पदके उजव्या छातीवर किंवा बंदुकीचा बोल्ट डाव्या बाजूस दिसला तर प्रत उलटी आहे असे समजावे आणि आरशात धरून वाचावी.

पदक प्रत्यक्ष हाती असेल तर अर्धे काम झाले. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिली गेली, परंतु भारतीय जवानांना नावानिशी मिळाली. पहिल्या युद्धाचे चांदीचे पदक आणि तसेच दिसणारे ब्राँझचे पदक यांतही भेद आहे. ब्राँझचे पदक मजूर तुकड्यांसारख्या बिनलढाऊ दलांतील माणसांना मिळे. त्यांचे कष्ट काही कमी नव्हते. मृताच्या घरी पाठविलेली पुरीएवढी ब्राँझची तबकडी मात्र पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. तिच्यावर फक्त नाव असते. हुद्दा नाही आणि पलटणही नाही. मोडीत घालण्यापूर्वी या वस्तू एकदा उजेडात धरून वाचाव्यात, एवढीच विनंती.

आणि छायाचित्र उलटून पाहण्यास तर कधीच विसरू नये. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, आणि आपल्याकडील जवानांच्या बाबतीत पुष्कळदा मोडीत लिहिलेल्या दोन-तीन ओळी असतात. जुन्या मुंबई इलाख्यातील शाळांत शिकलेली ती पिढी मोडी सहज लिहीत असे. आपल्याला ती वाचता येत नाही म्हणून आपण तिला रेघोट्या समजतो.

बाहीवरचा कोंबडा

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक खूण आली. प्रत्येक डिव्हिजनने बाहीवर शिवण्यासाठी आपापले चिन्ह घेतले. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा गरुड, पाचवीचा आगीचा गोळा, सातवीचा बाण, आठवीची क्लोव्हर, सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर, तेविसावीचा लढाऊ कोंबडा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यांनाही हे चिन्ह आपले-परके सांगे. आज ते आपल्याला रणक्षेत्र सांगते. क्लोव्हरचे पान दिसले तर इटली समजावी. याच डिव्हिजनमध्ये पहिली बटालियन होती, आणि सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी तिच्यातील नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तिसरी बटालियन १९४१मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढली, आणि पुढे इटलीतच तिच्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

येथवर सांगितलेली रीत प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, हे आमच्याच घरच्या एका छायाचित्रावरून सांगणे योग्य होईल. आमचे आजोबा खडकीस सॅपर्समध्ये होते आणि पेन्शन घेऊन सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी परतले. त्यांचे धाकटे बंधू परतले नाहीत. ‘धाकटे आजोबा बर्माच्या लढाईत गेले’ एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात एक गोष्ट मात्र कोणाच्याच हिशेबात बसत नसे. जपानने ऑगस्ट १९४५मध्ये शरणागती पत्करली. गावात पेढे वाटले गेले. आणि तार आली ती त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. तार उशिरा आली असावी, असे म्हणून घरच्यांनी समाधान करून घेतले होते. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होई. धाकट्या आजी ते घालवून घेत आणि त्याविषयी काही बोलत नसत.

आजोबांच्या पेटीत या धाकट्या भावाचे एकच छायाचित्र होते : तिघे जवान, मागे स्टुडिओचा रंगविलेला पडदा. भिंगातून पाहता तिघांच्याही बाहीवर एक पक्षी दिसे. घरात त्यास मोर म्हणत. छायाचित्राच्या पाठीवर मोडीत एक ओळ होती, ती एका जाणकार स्नेह्यांनी आम्हांस वाचून दिली : ‘कोंबड्याच्या फौजेतले आम्ही तिघे.’ कोंबडा म्हणजे तेविसावी डिव्हिजन. तिच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये ५व्या महरट्टा रेजिमेंटच्या चौथी आणि सहावी अशा दोन बटालियन होत्या. यांपैकी चौथी बटालियन मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी जपान्यांशी निकराने झुंजली होती. म्हणजे ‘बर्मा’ ही घरची आठवण सीमेपलीकडची असली तरी निराधार नव्हती.

पुढचे काम पदकाच्या कडेने केले. तेथील क्रमांक घेऊन युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहिल्या. त्यात हुद्दा, बटालियन, वडिलांचे नाव आणि आमच्या गावाचे नाव, असे सारे होते. आणि मृत्यूची तारीख होती ऑक्टोबर १९४५च्या अखेरची. त्या दिवसांत ही ब्रिगेड ब्रह्मदेशात नव्हती, मणिपुरातही नव्हती. ती जावा बेटावर, सुराबाया शहरात होती.

सुराबाया हे नाव आपल्या घरांतून फारसे ऐकू येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. जपानच्या पाडावानंतर १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाच्या नेत्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. जपानी सैन्याला नि:शस्त्र करणे आणि छावण्यांतील कैद्यांची सुटका करणे, या कामासाठी इंग्रजांनी तेथे सैन्य उतरविले. ते मुख्यतः भारतीय होते. डच सत्ता परत आणण्यासाठीच हे सैन्य आले आहे, असा तेथील तरुणांचा ग्रह झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबायात उतरली आणि शहरभर लहानलहान ठाण्यांत विखुरली गेली. २८ ऑक्टोबरला त्या ठाण्यांवर चहूकडून हल्ले झाले. ३० तारखेस ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला नव्या फौजेने शहरावर चढाई केली. तो दिवस इंडोनेशिया आजही वीरदिन म्हणून पाळतो.

म्हणजे आमचे धाकटे आजोबा जपान्यांशी लढताना गेले नाहीत. स्वतःच्या देशासाठी लढणाऱ्या लोकांच्या गोळीने ते गेले, आणि तेही अशा वेळी की इकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात अवघ्या काही दिवसांत, ५ नोव्हेंबरला, आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू व्हावयाचा होता. भारतीय सैनिकांचा असा वापर करण्यास पंडित नेहरूंनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता. परंतु ठाण्यावर उभ्या असलेल्या सातारच्या शिपायाला त्याविषयी कोणी विचारले नव्हते.

हे घरी सांगावे किंवा नाही, याविषयी आमच्या कुटुंबात मतभेद झाला. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की, इतकी वर्षे लोक त्यांना बर्माचे वीर म्हणून मानत आले. त्यात आता सुराबाया कशाला? आम्हांस तसे वाटले नाही. शौर्य कोठे दाखवावयाचे, हे निवडण्याचा अधिकार ज्याला नव्हता, त्याचे शौर्य ठिकाण बदलल्याने उणे होत नाही. पण त्याच्या मृत्यूचे ठिकाण बदलून सांगणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा आकड्यात ढकलणे होय. शिवाय तार उशिरा आली नव्हती, हेही त्यातून कळले. ती वेळेवरच आली होती. मृत्यूच उशिरा आला होता. युद्ध संपल्याच्या आनंदात गाव असताना ते जिवंत होते, आणि दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली असताना ते गेले. तिथी आश्विन वद्य पक्षातील निघाली. धाकट्या आजी हे कळण्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. गेली काही वर्षे पितृपक्षात त्यांचे श्राद्ध त्या तिथीला होते. अमावास्येची वाट पाहावी लागत नाही.

शेजारची पेटी

या कामास पानिपत हे गाव फार सोयीचे आहे, हे आम्हांस येथे आल्यावर कळले. येथील शेजाऱ्यांच्या घरीही अशीच छायाचित्रे आहेत. कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत जी फौज वेढ्यात उपाशी राहिली, ती पुण्याची सहावी डिव्हिजन होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन महरट्टा पलटणी होत्या. १०३व्या पलटणीच्या ब्रिगेडमध्येच ११९वी पलटण होती. ती पुढे १९२२ साली जाट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आणि वेढा फोडण्यासाठी टायग्रिसच्या काठाने वर येणाऱ्या फौजेत ६वी जाट पलटण होती. वेढा फुटला नाही. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. परंतु आत अडकलेले आणि बाहेरून धडपडणारे यांचे नातू-पणतू आज पानिपतच्या एकाच गल्लीत राहत असण्याचा संभव आहे, ही गोष्ट आम्हांस १७६१इतकीच विचार करण्याजोगी वाटते.

शेजाऱ्यांना एक साधन आपल्याहून अधिक आहे. पहिल्या महायुद्धानंतर पंजाब सरकारने गावोगावच्या भरतीच्या नोंदवह्या तयार केल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या आणि त्यांत सुमारे ३ लाख २० हजार जवानांची नोंद आहे. २०२१पासून त्या संगणकावर उपलब्ध होऊ लागल्या आहेत. आपल्याकडील घरांना मात्र पेटी, पदक आणि पलटण यांवरच भिस्त ठेवावी लागते. बेळगावचे मराठा रेजिमेंटचे केंद्र, खडकीचे सॅपर्सचे केंद्र आणि जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय या तीन ठिकाणी, पलटण आणि क्रमांक यांसह, रीतसर पत्र लिहावे. दिल्लीस गेल्यावर इंडिया गेटच्या भिंतींकडे मान वर करून जरूर पाहावे. १९३१ साली उघडलेल्या त्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे पलटणवार कोरलेली आहेत. सहलीला आलेली मुले तिच्या पायथ्याशी आइस्क्रीम खातात; त्यांना आपल्या आडनावाचे एखादे नाव शोधावयास सांगितले तर तीही रमतील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या त्या छायाचित्रात तीन जवान आहेत. मधले आमचे धाकटे आजोबा. उरलेल्या दोघांची नावे पाठीवर नाहीत, आणि ती सांगू शकणारे कोणी उरले नाही. त्यांची फौज आम्हांस ठाऊक आहे. कदाचित रणक्षेत्रही ठाऊक आहे. नाव ठाऊक नाही. त्यांच्याही घरी कोठेतरी हीच प्रत असेल आणि त्यावर आमच्या आजोबांकडे बोट दाखवून ‘हे कोण?’ असे कोणी विचारीत असेल. म्हणून वाचकांस आमची विनंती अशी की, पुढल्या खेपेस गावी जाल तेव्हा पेटी उघडा. घरात ऐंशी-नव्वद वर्षांचे कोणी असेल तर छायाचित्र त्यांच्या हाती द्या, आणि ते सांगतील ती नावे मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, पाठीवर लिहा. शाईने लिहू नका. ती पुढच्या बाजूस उमटते. दोन्ही बाजूंच्या प्रती काढून एक आपल्या मंडळाकडे द्यावी. मंडळाच्या ग्रंथालयात त्यासाठी एक वही ठेवावी, असे आम्ही कार्यकारिणीस सुचविले आहे. वहीत रकाने तीनच असावेत : नाव, पलटण, तिथी.